औदुंबर : झाड, देऊळ आणि कविता

शाळेत बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता शिकवली गेली, तेव्हा आमच्या वर्गातल्या एकालाही शंका आली नाही. ही कविता आपल्या औदुंबरचीच आहे, असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. पलूसहून भिलवडीच्या अंगाने गेले की दहा-एक किलोमीटरवर कृष्णेच्या काठी औदुंबर लागते. दर गुरुवारी कुणाच्या ना कुणाच्या घरचे माणूस तिकडे जायचेच. कवितेत पाणी होते, दोन तीर होते, दाट मळे होते, लहानसे गाव होते, झाड तर होतेच. एकच अडचण होती. देऊळ नव्हते. मी उभा राहून विचारले, “गुरुजी, कवितेत दत्ताचं देऊळ कसं न्हाई?” गुरुजी म्हणाले, “ही निसर्गकविता आहे. निसर्गकवितेत देऊळ येत नाही. खाली बस.”

मी खाली बसलो. पण त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही आणि आज चाळीसहून अधिक वर्षांनीही झालेले नाही. पुढे शिक्षण दहावीवर थांबले. एका कारखान्यात लेथवर पंचवीस वर्षे काम केले आणि पाळी सुटली की वाचनालयात बसून जे मिळेल ते वाचत गेलो. या वाचनाला कुणी दिशा दिली नव्हती, त्यामुळे पोथी, संतवाङ्मय, आधुनिक कविता आणि लोकसंस्कृतीवरची पुस्तके माझ्या टेबलावर एकाच वेळी पडलेली असत. कदाचित त्यामुळेच गुरुजींच्या उत्तरातली फट मला दिसत राहिली. माणसाला परतत्त्वाशी नाते जुळल्यासारखे वाटते ते नेमके कुठे? उघड्या आभाळाखाली, की गाभाऱ्यात? हा प्रश्न आपण आज सहज विचारतो आणि दोहोंपैकी एक बाजू घेतो. प्रस्तुत लेखात मला हा प्रश्न एकाच शब्दाच्या आधाराने तपासायचा आहे. तो शब्द म्हणजे ‘औदुंबर’. मराठीत तो एका झाडाचे नाव आहे, एका तीर्थक्षेत्राचे नाव आहे आणि एका आठ ओळींच्या कवितेचेही.

पोथीतला औदुंबर

आमच्या औदुंबरची साहित्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद ‘गुरुचरित्रा’च्या सतराव्या अध्यायात आहे. सरस्वती गंगाधरांच्या या ग्रंथाची पारायणे दत्तजयंतीच्या आधी सात दिवस आजही घरोघर होतात. ग्रंथ ऐकलेला असतो, पण कथा म्हणून तो क्वचितच वाचला जातो. सतराव्या अध्यायाची कथा थोडक्यात अशी. करवीरातल्या एका विद्वान ब्राह्मणाचा मुलगा मतिमंद. आईबाप लहानपणीच वारले. विद्या येत नाही म्हणून गावाने त्याची निंदा केली. तो गाव सोडून निघाला आणि भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात येऊन धरणे धरून बसला. तीन दिवस उपवास केला. देवी बोलेना. शेवटी त्याने आपली जीभ कापून तिच्या पायाशी वाहिली आणि सकाळपर्यंत प्रसन्न झाली नाहीस तर शिरही वाहीन असे म्हणून पडून राहिला. तेव्हा देवीने स्वप्नात येऊन सांगितले, की माझ्यावर रागावू नकोस. कृष्णेच्या पलीकडच्या तीरावर औदुंबराखाली एक यती बसला आहे, त्याच्याकडे जा.

ही कथा भक्त चमत्कारासाठी ऐकतात. मुलाला जीभ परत मिळते, विद्या मिळते. पण मला तिची रचना विलक्षण वाटते. देवळात बसलेल्या उपासकाला खुद्द देवळातली देवीच देवळाबाहेर पाठवते. ज्या ठिकाणी मूर्ती आहे, पूजा आहे, प्रतिष्ठा आहे, तिथून नदी ओलांडून एका झाडाकडे. त्या तीरावर कथेच्या काळी देऊळ नाही. झाड आहे आणि त्याखाली चातुर्मासासाठी थांबलेला एक संन्यासी आहे. पुढे नृसिंहसरस्वती तिथून निघून गेले, मागे पादुका राहिल्या आणि पादुकांभोवती देऊळ उभे राहिले. म्हणजे आज ज्याला आपण उपासनेची जागा म्हणतो, ती मुळात देऊळ सोडून आलेल्या माणसाला सापडलेली जागा होती. आजही नदीच्या एका तीरावर भुवनेश्वरी आहे आणि समोरच्या तीरावर औदुंबर. दोन्हीकडे दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे जुनी माणसे मानत नाहीत. पोथीने ज्या दोन तीरांमध्ये अंतर दाखवले, ते अंतर लोकांनी होडीने रोज कापले.

मात्र यावरून पोथी निसर्गाच्या बाजूची आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. मुलगा झाडाकडे गेला नाही, गुरूकडे गेला. झाड हा पत्ता आहे. ग्रंथकर्त्यालाही हा प्रश्न पडला असावा, कारण एकोणिसाव्या अध्यायात नामधारक तोच प्रश्न विचारतो. शास्त्रांनी अश्वत्थाची थोरवी सांगितली आहे, झाडे पुष्कळ आहेत, मग श्रीगुरूंना औदुंबरच का आवडतो? सिद्ध उत्तर देतो ते नृसिंह अवताराचे. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावर त्याच्या पोटातले विष नृसिंहाच्या नखांना लागले आणि नखांचा दाह होऊ लागला. लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली, नखे त्या फळांत रोवली आणि दाह थांबला.

हे उत्तर मी अनेकदा वाचले आणि प्रत्येक वेळी त्यातली एक गोष्ट मला थांबवते. देव झाडात भरून राहिला आहे म्हणून झाड पवित्र, असे इथे म्हटलेले नाही. देवाला झाडाचा उपयोग झाला, म्हणून झाड पवित्र. उंबर थंड असतो हे आमच्याकडे वैद्याला विचारावे लागत नाही. उन्हाळी लागली, अंगाची आग झाली की उंबराचे पाणी देतात. घरातले हे ज्ञान पुराणकथेने उचलले आणि देवाच्या नखाला लावले. झाडाने देवावर उपकार केले आणि देव त्या उपकारात राहिला, असे हे नाते आहे. ‘निसर्गात देव’ या आपल्या आजच्या शब्दप्रयोगात ते बसत नाही.

पोथीतला तिसरा औदुंबर चाळिसाव्या अध्यायात येतो आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. इथे स्थळ गाणगापूर. कुष्ठाने ग्रासलेला नरहरी नावाचा ब्राह्मण श्रीगुरूंकडे येतो. गुरू त्याला औदुंबराचे एक वाळलेले लाकूड संगमावर रोवायला आणि त्याला रोज पाणी घालायला सांगतात. तो घालत राहतो. लोक हसतात, वाळल्या लाकडाला कधी पालवी फुटते का असे समजावतात. तो ऐकत नाही. शेवटी लाकडाला पालवी फुटते आणि त्याची काया शुद्ध होते. इथे जप नाही, मूर्ती नाही, रम्य देखावाही नाही. आहे ते पाणी वाहण्याचे काम. निसर्ग आणि पूजा या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या खांद्यावरच्या घागरीत एकत्र आल्या आहेत.

कवितेतला औदुंबर

आता बालकवींकडे येऊ. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली धरणगावचा, खानदेशातला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून मृत्यू आला. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. त्यांच्या कवितेतले पाणी म्हणजे झरा आहे, कृष्णेसारखी रुंद नदी नव्हे. गावाचे नाव नाही, नदीचे नाव नाही. तेव्हा आमच्या वर्गाची समजूत चुकीची होती, हे मोठेपणी कबूल करावे लागले.

पण चूक पूर्ण निराधार होती का? कवितेत काय आहे ते पाहू. दोन्ही तीरांवरची हिरवळ घेऊन, बेटांमधून वाहणारा झरा. टेकडीकडे चार घरांचे गाव. पुढे शेतमळे. त्यांतून वेडीवाकडी निघालेली एक पांढरी पायवाट, जी काळ्या डोहाकडे जाते. डोहावर पसरलेली आणि तरीही गोड वाटणारी काळोखी. आणि शेवटी, पाण्यात पाय सोडून बसलेले ते झाड. या कवितेवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. कुणाला त्या झाडात विरक्त योगी दिसला, कुणाला कवीची उदासीनता, कुणाला डोहाच्या रूपाने मृत्यू, तर कुणी ते एक निखळ चित्र आहे, त्यात अर्थ शोधू नका असे बजावले.

या वादात मी एकच भर घालू इच्छितो आणि ती शब्दाची आहे. खेड्यातला माणूस या झाडाला ‘उंबर’ म्हणतो. ‘औदुंबर’ म्हणतो तो दत्ताच्या संदर्भात. बालकवींनी ‘औदुंबर’ का निवडला? यमकासाठी, असे उत्तर येईल. पण शेवटच्या दोन ओळींचे यमक ‘उंबर’ या शब्दानेही जुळले असते. छंदासाठी म्हणावे, तर ‘औदुंबर’ सहा मात्रांचा आणि ‘उंबर’ चार मात्रांचा; मधल्या दोन मात्रा भरून काढणे बालकवींसारख्या नादाच्या कवीला जड नव्हते. तेव्हा शब्द जाणूनबुजून आला असो वा कानाच्या सवयीने, त्याच्याबरोबर पोथीचा गंध आला आहे. मराठी कानाला ‘औदुंबर’ म्हटले की त्याच्या तळाशी कुणीतरी बसलेले असते. पोथीत झाडाखाली यती बसतो. कवितेत यती नाही आणि झाड स्वतःच बसले आहे. बैठक तीच आहे, बसणारा बदलला आहे. ‘असला’ या साध्या विशेषणाने कवी बोट दाखवल्यासारखे करतो, जणू वाचकाला ते झाड आधीपासून माहीत आहे. आम्हा मुलांना ते माहीत होते, म्हणून आम्ही फसलो. माझे म्हणणे असे, की आमच्या त्या फसण्याला कवितेने स्वतःच जागा ठेवली आहे.

इंग्रजी कवितेत याला एक जवळचे उदाहरण सापडते. वर्डस्वर्थची १७९८ सालची एक प्रसिद्ध कविता टिंटर्न मठाच्या नावाने ओळखली जाते. पण मठाचा उल्लेख केवळ शीर्षकात आहे. कविता मठापासून काही मैल वरच्या बाजूला, नदीकाठी घडते आणि तीत मठाचे अवशेष येतच नाहीत. कवीला जे गूढ सान्निध्य जाणवले ते नदी, डोंगर आणि झाडांत. पण नाव राहिले उपासनेच्या जागेचे. दोन्ही भाषांत नव्या कवीने देवळाकडे पाठ केली, तरी देवळाचा शब्द त्याला सोडता आला नाही.

हा प्रश्न बालकवींच्या भोवती प्रत्यक्ष जगण्यातही होता. नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी ते घरच्यासारखे राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मध्ये हा हळवा, हट्टी ठोमरे आपल्याला भेटतो. रेव्हरंड टिळक हे स्वतः फुलांचे कवी. त्यांच्या ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत कवी रानातल्या फुलाशी वाद घालतो. एकांतात, निसर्गाच्या कुशीत राहणे श्रेष्ठ, की माणसांत येऊन त्यांच्यासाठी झिजणे? धर्म सोडून दुसरा धर्म घेतलेल्या, उपदेशकाचे काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न छंद म्हणून पडलेला नव्हता. तोच प्रश्न बालकवींनी वादाशिवाय मांडला. त्यांचा औदुंबर कुणाशीच बोलत नाही.

काठावरची माणसे

पुस्तकातून बाहेर येऊन प्रत्यक्ष औदुंबरच्या काठावर पाहिले, तर तिथे राहून लिहिणारा एक कवी सापडतो. हणमंत नरहर जोशी ऊर्फ सुधांशु. ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ हे आर. एन. पराडकरांनी गायलेले गीत महाराष्ट्रात कुठल्याही गुरुवारी ऐकू येते; ते सुधांशुंचे. ते औदुंबर सोडून शहरात गेले नाहीत. १९३९ पासून संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरते, त्यामागेही त्यांचे आणि त्यांच्या मित्रांचे कष्ट होते. मोठमोठे लेखक या नदीकाठच्या खेड्यात येऊन बोलून गेले आणि ऊसतोडीच्या हंगामात गावकऱ्यांनी ते ऐकले.

आता गंमत पाहा. ज्याच्या दारात खरे झाड, खरे देऊळ आणि खरी नदी, तो कवी या गीतात दैवताला बसवतो ते हृदयात. दूर खानदेशातल्या कवीला झाड पुरते. झाडाशेजारी राहणाऱ्याला झाडाची ओळख करून द्यावीशी वाटत नाही. रोजच्या गोष्टीचे वर्णन कोण करतो? हा फरक केवळ भक्तिगीत आणि भावकविता या प्रकारांचा असेल, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही मला वाटते, की निसर्गात देव शोधण्याची ओढ निसर्गापासून काहीसे दूर गेलेल्या माणसाला अधिक असते.

संतांकडे पाहिले तर याला दुजोरा मिळतो. तुकोबांनी झाडांना सोयरे म्हटले, पण ते भंडारा-भामचंद्राच्या डोंगरावर एकांतासाठी गेले, देखाव्यासाठी नाही. झाडे त्या एकांतात आड न येणारी नातलग होती. सावता माळी तर अरणचा मळा सोडून पंढरपूरला गेलाच नाही अशी परंपरा सांगते. त्याला विठ्ठल भाजीपाल्यात दिसला. पण कुठल्या भाजीपाल्यात? त्याने स्वतः खुरपलेल्या, मोटेने पाणी पाजलेल्या. सावत्याच्या मळ्याला आपण ‘निसर्ग’ म्हणतो, तो त्याला ‘काम’ म्हणत असणार.

आणि तिसरा आवाजही याच तालुक्यातला आहे, तो विसरता येणार नाही. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले. औदुंबरपासून सायकलवर जाता येईल अशा अंतरावरून महाराष्ट्राला सांगितले जात होते, की पूजा सोडा, उपयोग पाहा. वाचनालयात त्या मासिकाचे जुने अंक मी हाताला धूळ लागेपर्यंत वाचले. तरुणपणी त्या अंकांनी मला देवळातून बाहेर काढले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. त्या काळात मी स्वतःला ‘निसर्गात देव मानणारा’ म्हणवून घेत असे. औदुंबरला गेलो तरी घाटावर बसायचो, आत जायचो नाही. बालकवी माझ्या बाजूचे आहेत असे मला वाटे.

उघडी टेकडी

या मताला पहिला धक्का सागरेश्वरने दिला. देवराष्ट्रे गावाजवळ डोंगराच्या पायथ्याशी सागरेश्वराच्या जुन्या देवळांचा समूह आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्र्याचा, १९१३ सालचा. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या नावाची हकीकत दिली आहे. आई बाळंतपणात अडली तेव्हा आजीने सागरोबाला साकडे घातले, मुलीला यश दे, तुझी आठवण म्हणून बाळाचे नाव यशवंत ठेवीन. हा सागरोबा कुठल्या पुराणातला म्हणून आजीने त्याला हाक मारली नाही. तो डोंगराचा देव होता आणि डोंगर शेजारी होता.

पण त्या देवाच्या डोंगरावर झाडे नव्हती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि देवाच्या धाकाने राखलेली राने किती समृद्ध असतात हे दाखवून दिले. कोकणात, भोर-मुळशीकडे हे खरे आहे. आमच्या अवर्षणाच्या पट्ट्यात मात्र देव असूनही डोंगर बोडका राहिला. चराई आणि सरपण यांपुढे देवाचे काही चालले नाही. तो हिरवा झाला धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसांच्या हट्टाने. त्यांनी झाडे लावली, लावून घेतली, पाणी आणि राखण यांसाठी लोकांना उभे केले. पुढे हरणे आणली गेली आणि १९८५ साली सागरेश्वर अभयारण्य घोषित झाले. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे, बव्हंशी माणसाने उभे केलेले रान.

आज लोक सहलीला येतात आणि ‘इथे निसर्गात देव भेटतो’ असे म्हणतात. मी स्वतः हे म्हटलेले आहे. पण चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आठवला आणि मी ओशाळलो. वाळल्या लाकडाला पाणी घालणारा आणि पालवी फुटल्यावर सावलीत बसून अनुभूतीविषयी बोलणारा, हे दोन वेगळे लोक आहेत. मी दुसरा होतो. तेव्हा बालकवींच्या कवितेविषयीही माझे मत बदलले. तिच्यातली उदासी कुठून येते याचे मला एक उत्तर सापडले असे वाटले. त्या आठ ओळींत कुणीच काही करत नाही. पाणी भरणारे नाही, झाडाला हात लावणारे नाही. पाहणारा आहे आणि दिसणारे आहे. ज्या झाडाशी आपले काहीही काम उरलेले नाही, ते झाड सुंदर आणि एकटे दिसणारच. पोथीतल्या नात्यांतून कवीने उपकार काढले, सेवा काढली आणि रूप तेवढे ठेवले. असा एक टिपणवजा लेख मी लिहूनही ठेवला होता, आणि त्यात बालकवींना पोथीपेक्षा कमी लेखले होते.

पुराचे पाणी

तो लेख छापला गेला नाही, याचे कारण २०१९ चा पूर. त्यात वहीही गेली.

आमचे मूळ घर नदीकाठच्या गावात. २००५ च्या पुराचे पाणी जिथवर आले होते, तिथे भिंतीवर वडिलांनी खिळा ठोकला होता. त्यावर आमचा विश्वास होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी खिळा ओलांडून गेले. आईला आणि दोन ट्रंका घेऊन आम्ही पलूसला आलो. पुस्तकांचे कपाट आणि वडिलांची गुरुचरित्राची पोथी मागे राहिली. याच तालुक्यात ब्रह्मनाळला, जिथे येरळा कृष्णेला मिळते, पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि कितीतरी जण बुडाले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. श्रावण होता. कृष्णामाईची ओटी भरणाऱ्याच या बायका.

नदीवर देवत्वाचे आरोपण करणे किती सोपे असते, आणि किती अवघड, हे त्या आठवड्यात कळले. नृसिंहवाडीला पाणी उत्तरेकडून देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा ‘दक्षिणद्वार’ म्हणून लोक त्या पाण्यात स्नान करतात. पुराला उत्सवाचे नाव देऊन त्याच्याशी नाते टिकवण्याची ही रीत मोठी शहाणपणाची आहे. पण तिलाही सीमा आहे. पाणी पादुकांवरून गेले तर सोहळा. छपरावरून गेले तर त्याला नाव नाही.

पाणी थोडे खाली आल्यावर मी औदुंबरच्या दिशेने जमेल तितके जाऊन आलो. दोन्ही तीर नव्हते. मळे नव्हते. गढूळ पाण्याचा एकच पट्टा होता आणि त्यात झाडे खोडापर्यंत बुडून उभी होती. माणूस नाही, आरती नाही, होडी नाही. तिथे मला बालकवींची कविता आठवली आणि प्रथमच ती भीतिदायक वाटली. कवितेतली पायवाट काळ्या डोहाकडे जाते, हे मी इतकी वर्षे वाचत होतो. ती वाट माणसांच्या पायांनी पडलेली आहे. म्हणजे माणसे डोहाकडे गेलेली आहेत. कवितेत ती दिसत नाहीत, एवढेच. पाण्याला आपल्याशी काही देणेघेणे नाही, झाड सगळे पाहत बसून राहील, हे त्या कवीला ठाऊक होते. पोथी हे सांगत नाही. पोथीत तीन दिवसांनी का होईना देवी बोलते, वाळले लाकूड पालवते. जिथे कुणीच बोलत नाही, ती जागा पोथीने आपल्यासाठी सोडलेली नाही. ती कवितेने सोडली.

म्हणून आज माझे म्हणणे मी असे मांडीन. निसर्ग की उपासना, या प्रश्नात दोन्ही बाजूंना माणूस पाहुणा म्हणून उभा केलेला असतो. देखावा पाहायला आलेला, नाहीतर दर्शन घ्यायला आलेला. गुरुचरित्रातल्या औदुंबराने दाखवले की नाते उपकाराने आणि कामाने जुळते, मग जागा घाटावरची असो की गाभाऱ्यातली. बालकवींच्या औदुंबराने दाखवले की ते नाते एकतर्फी असू शकते, आणि हे माहीत असूनही तिथून नजर हलत नाही. आधीच्या लेखात मी एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवले होते, ते चुकले होते. माझ्या शाळेतल्या गुरुजींचे वाक्यही आता मला इतके चुकीचे वाटत नाही. निसर्गकवितेत देऊळ येत नाही हे खरे. पण देऊळ नसल्याची जाणीव त्या कवितेत आहे, हे त्यांनी सांगायला हवे होते.

पोथीची पाने घरी आणून दोरीवर वाळत घातली. शाई फुटलेली, काही पाने एकमेकांना चिकटलेली. आईला अक्षर येत नव्हते. वडील वाचायचे आणि ती वाती वळत ऐकायची. तिला अध्याय क्रमांकाने नव्हे, गोष्टीने पाठ होते. पाणी ओसरल्यावर, रस्ता खुला झाल्याच्या पहिल्या गुरुवारी, ती औदुंबरला चल म्हणाली. घाटावर गाळ होता, वास येत होता. तिने आधी नदीला हात जोडले, मग झाडाला, मग देवळाकडे पाहून. ज्या पाण्याने घर नेले त्याला हात जोडले, याचा मला राग आला. मी विचारले, “कुणाला नमस्कार केलास, आई?”

“पाणी किती उतरलं, बघाय आलोय,” ती म्हणाली, आणि उघड्या पडलेल्या पायऱ्या बोटाने मोजू लागली. अकरा झाल्या. बाराव्या पायरीवर पाणी होते. अकरावीवरचा गाळ तिने हाताने बाजूला केला, पदर सावरला आणि पाण्यात पाय सोडून बसली.